एलुका हालंना झालंय: अण्णांच्या पीसीवर यूएसबी माउस, प्रकल्प नोंदी

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

अण्णा ७४ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी चादरीचे ग्राफ काढले. ग्राफ म्हणजे चौकटीचा कागद. त्यातला एक उभा रकाना म्हणजे जकार्डचा (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचा) एक हुक, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा, आणि रंगवलेलं घर म्हणजे तिथे ताण्याचा धागा वर. प्रत्येक ओळीचं एक कार्ड पंच व्हायचं. अशा ग्राफांच्या गुंडाळ्या अण्णांच्या ट्रंकेत पडून आहेत आणि घड्यांवर फाटत चालल्या आहेत. त्या स्कॅन करायच्या आणि गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये घर न् घर पुन्हा भरायचं, हे काम ठरलंय. सगळे नाही, निदान मोराचे तेवढे.

पीसी जुना आहे. एच६१ बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. विंडोज ७ सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचं, म्हणून ते काढून फ्रीबीएसडी १४.२ ही दुसरी कार्यप्रणाली टाकली, वर एक्सएफसीई (डेस्कटॉप) आणि गिंप. लिनक्स का नाही, असं दोघांनी विचारलं. माझ्या घरी हेच चालतं, त्यामुळे फोनवर सांगणं सोपं जातं. शिवाय झेडएफएसचा (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीचा) स्नॅपशॉट असला की अण्णांनी चुकून मोराचं डोकं पुसलं तरी कालचं डोकं परत आणता येतं.

जुना गोल पिनेचा माउस मेलेलाच होता. नवी पेठेतून २५० रुपयांचा यूएसबी माउस आणला आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात घातला. पोटातला लाल दिवा लागला. बाण पडद्याच्या मधोमध उभा, हलेना.

अण्णा म्हणाले, "एलुका हालंना झालंय की." एलुका म्हणजे तेलुगूत उंदीर. त्यांच्या घरात माउसला तेच नाव पडलंय, आणि आजपासून या नोंदींतही.

मागच्या शेडमधल्या मागांना शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे आज बोलणं ऐकू तरी येत होतं. एरवी अण्णांच्या खोलीत ओरडूनच बोलावं लागतं. रात्र झाली, उद्या बघू.

(या नोंदी अण्णाही वाचणार आहेत, म्हणून आज्ञांची नावंसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय.)

शनिवार, ४ जानेवारी

आधी खालून सुरुवात. एक्सच्या (पडद्यावरच्या खिडक्या आणि बाण सांभाळणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये हात घालण्यापूर्वी कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, काही जोडल्याचं कळतंय का, एवढंच पाहायचं. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) उघडून ठेवला, एलुका काढली, पुन्हा घातली. एकही नवी ओळ नाही. नीट ओळखलं नाही अशी तक्रारसुद्धा नाही. कर्नलच्या दृष्टीने या घरात कुणी आलंच नव्हतं.

दिवा तर लागतोय, मग हे कसं? यूएसबीच्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल ५ व्होल्टची, काळी अर्थिंगची, पांढरी आणि हिरवी माहितीची. दिव्याला लाल-काळी पुरते. माउससारखं मंद गतीचं उपकरण पांढऱ्या तारेवर दीड किलोओहमचा रोध लावून तिचा व्होल्टेज वर ओढून धरतं, आणि तेवढ्यावरून पीसीला कळतं की कुणीतरी आलंय, तेही १.५ मेगाबिटवालं. वेगवान उपकरण हेच हिरवीवर करतं. पांढरी तार तुटलेली असेल तर दिवा झगझगीत आणि पीसी ठार बहिरा.

कॅबिनेट उघडलं. पुढच्या पोर्टाची जी जुडी बोर्डाकडे जाते, तिच्या तळाशी दातांच्या खुणा. लाल-काळी जेमतेम शाबूत, पांढरी आणि हिरवी कापलेल्या. कोपऱ्यात लेंड्या आणि सुताचा कचरा. मागच्या शेडमध्ये सुताला खळ लावतात, तिच्या वासाला उंदीर येतातच. अण्णांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असली एलुका आधीच येऊन गेलीय की रे." वहिनी हसत हसत चहा घेऊन आल्या.

पुढची जुडी बोर्डावरून काढून टाकली, टोकाला टेप गुंडाळला. एलुका मागच्या पोर्टात. लगेच ओळी पडल्या: यूजेन०.३, मग यूएसबीएचआयडी०, एचआयडीबस०, आणि शेवटी एचएमएस०, तीन बटणं, एक्स-वाय-डब्ल्यू. बाण पळायला लागला.

काम झालं असं वाटून घरी आलो. जुळे सोलापूरला पोचतोय तोवर फोन: "अरे, मी डावखुरा."

रविवार, ५ जानेवारी

डावखुरेपणा मला माहीत असायला हवा होता. लहानपणी त्यांना ग्राफ भरताना पाहिलंय. पट्टी उजव्या हाताने दाबलेली, ब्रश डाव्यात.

फ्रीबीएसडीवर बटणं उलटी करायची जुनी पद्धत म्हणजे माउसडी. हा सेवक माउसच्या उपकरणातून हालचाली वाचतो आणि सिसमाउस नावाच्या एका सामाईक खिडकीतून पुढे देतो. त्याला एम १=३ आणि एम ३=१ सांगितलं की डावं-उजवं बदलतं. मॅन पानावर (आज्ञेच्या माहितीपानावर) उदाहरणच आहे. आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये माउसडी-फ्लॅग्ज लिहिले आणि सुरू केलं. काही फरक नाही. काळ्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) तर बाणच नाही.

तासभर गेला, आणि चूक माझीच निघाली. पीसी लावताना वेळ वाचवायला मी माझ्या लॅपटॉपची लोडर.कॉन्फ (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगची फाइल) जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात एचडब्ल्यू.यूएसबी.यूएसबीएचआयडी.एनेबल एक केलेलं होतं. लॅपटॉपच्या टचपॅडच्या खटपटीत कधीतरी लिहिलं आणि विसरलो.

फ्रीबीएसडीत यूएसबी माउसला हात देणारे दोन चालक (ड्रायव्हर) आहेत. जुना यूएमएस. तो मुळात नेटबीएसडीसाठी लेनार्ट ऑगस्टसन यांनी १९९८ मध्ये लिहिला. फ्रीबीएसडीची आजची यूएसबीची सगळी मांडणी हान्स पेटर सेलास्की यांची आहे, ती २००९ मध्ये ८.० बरोबर आली. २०२३ मध्ये ते गेले. आपण रोज ज्यावर बाण फिरवतो, ते बरंचसं या दोघांचं काम. नवा चालक एचएमएस. तो १३.० मध्ये, म्हणजे २०२१ ला, व्लादिमीर कोंद्रात्येव यांच्या यूएसबीएचआयडीबरोबर आला. १४ मध्ये तो मुद्दाम सुरू करावा लागतो, आणि मी नकळत केला होता. नवा फक्त इव्हेंटच्या वाटेने बोलतो, डेव्ह या उपकरणांच्या फोल्डरमध्ये यूएमएस० बनवतच नाही. माउसडीला हवं असतं नेमकं यूएमएस०. एचएमएसच्या मॅन पानात तळाला लिहिलंयही: हा सिसमाउससारखा वागू शकत नाही. तळ कोण वाचतं?

ओळ काढली, रीबूट. आता यूएमएस० आला: तीन बटणं, एक्स-वाय-झेड. त्याच चाकाला एक चालक डब्ल्यू म्हणतो, दुसरा झेड. कन्सोलवर बाण आला, आणि उजवं बटण दाबलं की मजकूर निवडला जाऊ लागला. अण्णांच्या बाजूने बरोबर.

अण्णांना पीसीच्या आत काय येतं ते बघायचं होतं. यूएसबीवरचे बाइट दाखवणारं यूएसबीडम्प लावून दाखवलं. एलुका दर खेपेला चार बाइट पाठवत होती. पहिला बटणांचा, दुसरा आडव्या हालचालीचा, तिसरा उभ्या, चौथा चाकाचा. डावं बटण दाबलं की पहिल्यात ०१, उजवं ०२, चाक दाबलं की ०४. बाण एक पाऊल डावीकडे नेला की दुसऱ्यात एफएफ, म्हणजे उणे एक. ०१ हा आठ घरांत कसा दिसतो ते मी कागदावर काढून दिलं. सात कोरी आणि शेवटचं भरलेलं.

अण्णांनी पेन्सिलीने घरं मोजली. "आठ घरं. बटणं तीन. म्हणजे पाच घरं रोजची कोरी?"

"कोरीच, अण्णा. काही माउसना पाच बटणं असतात, त्यांना लागतात."

"तरी तीन वाया. एवढा पुठ्ठा मी वाया घातला असता तर मालकानं हाकललं असतं."

हे सगळं चालू असताना बाण एकदा मध्येच अडकला आणि दोन सेकंदांत सुटला. यूएसबीडम्पमुळे झालं असेल म्हणून सोडून दिलं.

सोमवार, ६ जानेवारी

कन्सोलवर डावखुरं, एक्समध्ये उजवं. कन्सोल या घरात कुणी उघडत नाही, म्हणजे अर्थ शून्य.

कारण असं. एक्स आता माउसडीला विचारतच नाही. त्याचा लिबइनपुट हा भाग थेट इव्हेंटची फाइल वाचतो, आणि माउसडी बिचारा शेजारच्या खिडकीतून बटणं उलटी करून कन्सोलला देत बसतो. एकाच एलुकेला दोन वाचणारे. कुणाचं खरं धरायचं ते केर्न.एव्हडेव्ह.आरसीपीटी-मास्क हा आकडा ठरवतो. १ म्हणजे सिसमाउस, २ म्हणजे कीबोर्डची सामाईक खिडकी, ४ म्हणजे प्रत्यक्ष माउस, ८ म्हणजे प्रत्यक्ष कीबोर्ड. पाहिलं तर १२ होता. चार अधिक आठ, सगळं थेट.

मी तो ३ केला. आता माउस माउसडीतूनच येणार, बटणं उलटूनच येणार. एक जागा, एक नियम. सिसकंट्रोलच्या कॉन्फमध्ये ओळ टाकली, एक्स पुन्हा सुरू केला. बरोबर चाललं. खूश होऊन निघालो.

मंगळवार, ७ जानेवारी

संध्याकाळी फोन. सगळं परत उजवं झालंय.

फोनवरच अर्धा तास शोधाशोध केली. शेवटी मागून अण्णांची नात बोलली. ती आठवीत आहे. शाळेतून आल्यावर तिने आजोबांना मदत म्हणून एक्सएफसीईच्या माउस सेटिंगमध्ये "डावखुरा" या गोलावर टिचकी मारली होती. म्हणजे माउसडीने उलटं केलं आणि एक्सएफसीईने ते पुन्हा उलटं केलं. उणे गुणिले उणे.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मास्क परत १२, माउसडीचे फ्लॅग काढले, आणि तिलाच म्हणालो, त्याच खिडकीत वर उपकरणांची यादी आहे, तिथे "सिस्टिम माउस" सोडून दुसरं नाव निवड आणि त्याला डावखुरा कर. वीस सेकंदांत झालं. माझे दोन दिवस त्या एका गोलात मावले.

तिलाच वेगाचंही सांगितलं. बाण हात जोरात हलवला की जास्त पळतो, तो प्रकार बंद करून सपाट ठेव. ग्राफ भरताना एका घराचं अंतर दरवेळी तेवढंच लागतं, नाहीतर हाताला अंदाज बसत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

पहिला खरा दिवस. पहिला ग्राफ स्कॅन करून गिंपमध्ये उघडला, वर चौकटीची जाळी, पेन्सिल एका पिक्सेलची, झूम ८०० टक्के. अण्णांनी मोराची चोच भरायला घेतली. मी शेजारी बसून दुसरं काम करत होतो.

"रेघ तुटतीय."

पाहिलं तर बटण दाबून ओढत असताना मध्येच रेघ थांबते, बाण क्षणभर गोठतो, मग चालू होतो, पण बटण सुटलेलं असतं. पाच मिनिटांत दोनदा. अण्णांचा हात थरथरत नाही, हे मी लिहून देतो. बशीतला चहा ते एका हाताने ओठाला लावतात आणि थेंब सांडत नाही.

व्हार मधल्या लॉगच्या मेसेजेस फाइलमध्ये पाहिलं. यूजेन०.३ डिस्कनेक्टेड. यूएमएस० डिटॅच्ड. दोन सेकंदांनी पुन्हा यूएमएस०. खाली पुन्हा तेच. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातल्या डिस्कनेक्टच्या ओळी ग्रेप या शोधायच्या आज्ञेने मोजल्या: १७१. सरासरी तीन मिनिटांना एक. एलुका दिवसभर घर सोडून जात होती आणि परत येत होती. एक्स तिला निमूटपणे परत घेतो म्हणून कुणाला कळलं नाही. रविवारी बाण अडकला होता, तोही हाच प्रकार. मी डोळ्यांसमोर पाहून सोडून दिलं होतं.

पहिला संशय माउसवर. माझ्या घरचा चांगला माउस आणून लावला. तोही तुटला. मग संशय विजेवर. शेडमध्ये सहा माग आहेत, मोटारी चालू-बंद होताना लाईट मिणमिणतो. त्याचा धक्का यूएसबीला बसत असेल.

गुरुवार, ९ जानेवारी

नवी पेठेतून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला. कल्पना अशी की एलुकेला वीज हबच्या अडॅप्टरमधून मिळेल, पीसीची मिणमिण तिच्यापर्यंत जाणार नाही. संध्याकाळी सातला लावला. दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही. नको घेऊ.

शुक्रवार, १० जानेवारी

दिवसभरात डिस्कनेक्ट: ०.

जिंकलो. अण्णांनी चोच आणि डोळा पूर्ण केला. मी वहिनींना सांगून टाकलं की विजेचाच घोळ होता. घरी येऊन या वहीत "निदान: मोटारींमुळे वीज खाली-वर" असं लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. त्या रेघा आता खोडल्या आहेत, पण पुसत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

डिस्कनेक्ट: १४८.

आता एक नवी गोष्ट दिसली. प्रत्येक वेळी आधी हब जातो, मग त्याच्यामागे एलुका. एलुका एकटी कधीच जात नाही. म्हणजे तुटतंय ते हबच्या अलीकडे, पीसीच्या बाजूला. हे कागदावर लिहूनही मी विजेलाच धरून बसलो: पीसीचा पॉवर सप्लाय जुना, बदलावा का? माणूस एकदा निदान करून बसला की पुरावा समोर उभा असला तरी त्यालाच बाजूला सर म्हणतो.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला, नंदीध्वज निघाले, गावात गाडी नेण्यात अर्थ नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. काम नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. यात्रेतला अक्षता सोहळा उरकून गर्दीतून बाहेर यायला दोन तास लागले, मग तसाच अण्णांकडे तिळगूळ द्यायला गेलो. त्यांनी आज सणाचंही पीसी लावलं होतं. मोराच्या मानेला आले होते.

"आज लई छान चाललंय बघ. एकदाबी तुटली नाही."

पाहिलं. शून्य. हब तर मी शनिवारीच काढून ठेवला होता.

खोलीत अजून एक गोष्ट नव्हती, आणि ती लक्षात यायला मला तिळगुळाची अख्खी वडी लागली. आवाज. अक्षतेला शेड बंद. आणि गेल्या शुक्रवारी, हबच्या विजयाच्या दिवशी, शेडची साप्ताहिक सुट्टी होती. ३ तारखेलाही शुक्रवारच होता, मी तेव्हा लिहिलंय की बोलणं ऐकू येत होतं. हबने काहीही केलेलं नव्हतं. माग बंद होते.

पण माग बंद म्हणजे दोन गोष्टी बंद: मोटारींची वीज आणि जमिनीचा थरथराट. त्यातली कुठली हे अजून ठरायचंय. एकदा फसलोय, आता घाई नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

शेड सकाळी सुरू झाली. यूपीएसचा प्लग भिंतीतून उपसला. पीसी आता फक्त बॅटरीवर, मोटारींच्या विजेशी काही संबंध नाही. बॅटरी पंधरा मिनिटं टिकते, तेवढं पुरे. डिस्कनेक्ट: ६.

वीज निर्दोष सुटली.

मग जमिनीवर हात ठेवला. अण्णांच्या खोलीला शहाबादी फरशी आहे, आणि मधली भिंत शेडशी सामाईक. धोटा एका बाजूला आपटला की फरशीत बारीक ठोका येतो, हाताला कळतो. कॅबिनेट थेट फरशीवर. मागच्या पोर्टातला प्लग बोटाने हलवला तर चक्क डुगडुगतो. बोटाने दाबून धरला, दहा मिनिटं एकही डिस्कनेक्ट नाही. सोडला, चौथ्या मिनिटाला गेला.

अण्णा म्हणाले, "आम्ही काट्याच्या खाली गोणपाट घालत होतो. वजन करताना मागाचा धक्का लागून काटा हालायचा."

वहिनींनी कपाटातून एक टर्किश टॉवेल काढून दिला. चार घड्या घालून कॅबिनेटखाली सरकवला. फरशीवर ठोका येतोय, कॅबिनेटवर हात ठेवला तर जवळपास नाही. पुढच्या तासात २.

दोन म्हणजे शून्य नव्हे. प्लग त्या पोर्टातून काढून नेटवर्कच्या भोकाशेजारच्या जोडीत घातला. तिथे दाबायला जोर लागतो, पकड घट्ट आहे. केबल कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला सुताने बांधली, म्हणजे ओढ प्लगवर येणार नाही. सूत अण्णांनीच बांधलं, डाव्या हाताने, विणकराची गाठ. ती मला अजून जमत नाही. त्यानंतर शेड चालू होती तोवर ०.

रात्री शोभेच्या दारूकामाचा आवाज इथवर येत होता. लॉगला त्याचा फरक पडला नाही, मुद्दाम पाहिलं.

शनिवार, १८ जानेवारी

काल शुक्रवार, म्हणून कालचं शून्य धरलंच नाही. आज सहाही माग चालू, सकाळी दहा ते सहा. ०.

मंगळवार, २१ जानेवारी

सोमवारही ०, आजही ०. आता आवराआवर.

पीसीवर माउससाठी मी हाताने लिहिलेली एकही ओळ शिल्लक नाही. लोडर.कॉन्फमधली लॅपटॉपची ओळ गेली, माउसडीचे फ्लॅग गेले, मास्क मूळचा १२. यूएमएस आपला आपण चढतो, डेव्हडी (नवं उपकरण आलं की दखल घेणारा सेवक) त्याला उचलतो, एक्स थेट वाचतो. उरलंय ते नातीने निवडलेलं डावखुरं आणि सपाट वेग. हब माझ्याकडे पडून आहे, कुणाला हवा असेल तर अडॅप्टरसकट देतो.

पुढची कुरतडलेली जुडी बदलायची नाही असं ठरलं. त्या भोकांवर नातीने स्टिकर चिकटवलाय.

मोर झाला, पिसारा बाकी. पिसाऱ्यात एका डोळ्याला ३८ घरं आहेत, आणि अण्णांनी पहिल्याच डोळ्यात मूळ ग्राफमधली एक चूक पकडली. एक घर जास्त भरलं गेलंय. चूक त्यांचीच, तेव्हाची. तशा चादरी विकल्याही गेल्या असणार. दुरुस्त करू का विचारलं तर म्हणाले, दोन फाइली ठेव, एक खरी आणि एक बरोबर.

निघताना वहिनींनी थांबवलं. टॉवेल जोडीतला आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेला, एक पीसीखाली गेल्यामुळे दुसरा एकटा पडलाय. तो परत हवा. त्याच्या जागी जुन्या चादरीचा तुकडा चार घड्या करून घातला आणि एक तास बसून मोजलं. शेड चालू होती. ०.